कडब्यात सिलिका आहे, म्हणून परग्रहावर सिलिकॉनचे जीव?

काळं_रान:
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘पृथ्वीच्या कवचात सिलिकॉन २८ टक्के, कार्बन नावापुरता, मग दुसरीकडे सिलिकॉनचेच जीव असणार.’ अहो, सोलापूर बसलंय बेसाल्टवर, निम्मा दगड सिलिकाच, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन मिळून झालेली वाळूच. त्यावर उगवलेली ज्वारी तरी कार्बनचीच ना? कार्बन जळला की वायू होतो, पाण्यात विरघळतो, श्वासावाटे निघून जातो. सिलिकॉन जळला की वाळू, वितळायला १,७०० अंश. ती बाहेर टाकायची कशी? सिलिकॉन-सिलिकॉन बंध तोडायला मोलमागे सुमारे २२० किलोजूल लागतात, सिलिकॉन-ऑक्सिजनला ४५०. ऑक्सिजन भेटला की सिलिकॉनची साखळी मोडलीच. सिलेन, म्हणजे सिलिकॉन-हायड्रोजनचा वायू, तर हवेत आपोआप पेटतो.

शनीचा_शेजार:
पाणी आणि ऑक्सिजन तुम्हीच गृहीत धरलेत. शनीच्या टायटन या चंद्रावर उणे १७९ अंश, मिथेन-इथेनची तळी, मोकळा ऑक्सिजन नाही. तिथे वाळू होईलच कशी?

काळं_रान:
टायटनचा सिलिकॉन बर्फाच्या थराखाली खडकात अडकलाय. तळ्यात आहे तो मिथेन, म्हणजे कार्बनच. द्रावक बदलला, मूलद्रव्य नाही.

माळदांडी:
ज्वारीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. पात्याची धार बोट कापते ती सिलिकामुळेच की ओ! मुळं सिलिसिक आम्ल ओढतात आणि पानात दगड घडवतात. जीव सिलिकॉन वापरतोच.

काळं_रान:
वापरतो, पण विटेसारखा. एकदा पानात बसली की ती सिलिका हलत नाही, चयापचयात फिरत नाही. वाळलेलं पान आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून धुवा, मग ५०० अंशांवर चार तास भाजा. पांढरी राख ४०० पट मोठी करून बघा, सिलिकाचे डंबेलच्या आकाराचे तुकडे दिसतील. न धुता जास्त तापवलं तर पोटॅशमुळे कडा वितळून सगळं एकमेकांना चिकटतं.

बॉयलर_हाउस:
हेच साखर कारखान्यात कुणी ऐकत नाही! उसाचं पाचट स्वस्त म्हणून सरळ भट्टीत ढकलतात. पोटॅश आणि सिलिका मिळून ९०० अंशांच्या आतच वितळतात, भट्टीच्या जाळीवर क्लिंकर, म्हणजे वितळून दगड झालेली राख, धरतो, हवा कोंडते, वाफेचा दाब पडतो. बगॅसला, म्हणजे रस काढलेल्या चोथ्याला, हा त्रास कमी, कारण गाळपात पोटॅश रसाबरोबर निघून जातो. पाचट पावसात भिजू द्या, मग वाळवून जाळा.

माळदांडी:
आणि भिजल्यावर गाठी बांधायच्या कशा? ओलं पाचट गंजीत कुजतं, तापतं. शेतातच कुट्टी करून पसरा, पोटॅश मातीला परत मिळेल. भट्टीत घालायचंच कशाला?

बॉयलर_हाउस:
बगॅस संपल्यावर वीज कशावर काढायची, तेही सांगा. बांधावरून बोलणं सोपं आहे.

शनीचा_शेजार:
पाचटाचं भांडण वेगळं मांडा, कृपा करा! २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञ फ्रान्सिस आर्नल्ड यांच्या प्रयोगशाळेनं आइसलँडच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं प्रथिन बदलून कार्बन-सिलिकॉन बंध जोडून घेतले. यावर बोला.

काळं_रान:
ते मान्य. जिवंत पेशीत तो बंध जोडता येतो, हे मी धरलंच नव्हतं. पण जोडणारं प्रथिन कार्बनचं, आणि सिलिकॉनचं संयुग माणसानं आणून दिलेलं. निसर्गात ते कोण पुरवणार, तेवढं दाखवा.