डावरा स्टान्स: पुढचा पाय सारखा अडकतोय, मदत हवी आहे

सातपूरचा_डावरा
मंडळी, बॉक्सिंगच्या स्पारिंगला (सरावाच्या लढतीत) पायात पाय येतोय. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकायला गेलो की अडखळतो, तेवढ्यात समोरून उजवा बसतो. कोच म्हणतात पाय बाहेर ठेव. ठेवतो, तरी तेच. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. व्हिडिओ बघून झालेत, लिंका देऊ नका. नेमकं काय करू तेवढं सांगा.

गोदाकाठ
कोणाचा पाय कोणाच्या पायात? डावरा तू की समोरचा?

सातपूरचा_डावरा
अहो, मीच. उजवा पाय पुढे. क्लबात बाकी सगळे उजवे.

देवळालीचे_काका
एवढा घोळ कशाला? डावा पाय पुढे घेऊन उभा राहा. आमच्या युनिटमध्ये डावऱ्यांना पहिल्या आठवड्यातच फिरवायचे. बॉक्सर डे ला होया जन्माचा डावखुरा, उभा राहायचा ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा पाय पुढे. त्याचा डावा हूक, बाजूने वळवून मारलेला ठोसा, आठवा.

पंचवटी_पॅसेंजर
काका, त्याच डे ला होयाला २००८ साली पॅकियाओने आठ राउंड धुतलं, नवव्याला गडी स्टुलावरून उठलाच नाही. आणि पॅकियाओ मुळात उजव्या हाताचा, खेळायचा डाव्या स्टान्सने! आपली मेरी कोमसुद्धा साउथपॉच, म्हणजे डाव्या स्टान्सची. महिन्यावर चाचणी आलेल्या पोराला स्टान्स बदलायला सांगताय?

देवळालीचे_काका
मी अनुभवाचं बोललो. तुमचं यूट्यूब चालू द्या.

किरकोळ_विक्रेता
ग्लोव्ह्ज दहा औंसाचे असतील तर बदला. स्पारिंगला चौदा-सोळाच हवेत. आणि पट्टी नीट बांधा, मनगट जातं.

सातपूरचा_डावरा
ग्लोव्ह्जचं विचारलंय का मी?

पंचवटी_पॅसेंजर
हे बघ. तुझा उजवा आणि त्याचा डावा पाय समोरासमोर येतात, त्यामुळे टक्कर होणारच. तुझा पाय त्याच्या पायाच्या बाहेर असला की तुझा सरळ डावा थेट मधून जातो आणि त्याच्या उजव्याला लांबून यावं लागतं. कोच बरोबरच सांगतात. पण बाहेर जायच्या नादात तू मोठं पाऊल टाकत असशील. मागचा डावा तिथेच राहतो, दोन्ही पाय एका रेषेत येतात, मग नुसता खांदा लागला तरी तोल जातो. डावा मारलास तरी पोचत नाही. पाऊल अर्धंच टाक आणि मागचा पाय लगेच तेवढाच ओढ. शिवाय पाय मोकळा नेऊ नकोस, जॅब त्याच्या डोळ्यांसमोर असतानाच ने. नाहीतर तो बघतो आणि तोही बाहेर सरकतो.

गोदाकाठ
किती ती बाहेरची आरती! सरकू दे की त्याला बाहेर. तो तुझ्या उजव्या हुकात चालत येतोय, मार. आणि पाय आत ठेवूनही जॅब छान मधून जातो.

पंचवटी_पॅसेंजर
आत राहायचं तर डोकं हलतं ठेवता यायला हवं. नाहीतर उजवा खाईल, वर कपाळाला कपाळ. नवशिक्याला हे सांगू नये.

गोदाकाठ
नवशिका आहे हे तुम्हीच ठरवलंत?

तर्री_जास्त
बॉक्सर लोमाचेन्कोला वडिलांनी लहानपणी नाचाच्या वर्गाला घातलं होतं. २००८ आणि २०१२, दोन्ही ऑलिंपिकला सुवर्ण. तू नाशिक ढोलच्या पथकात जा, पाय आपोआप तालात पडतील.

गोदाकाठ
ढोलवाले उभ्या जागी नाचतात हो. बरं, बूट कुठले घालतोस?

सातपूरचा_डावरा
रनिंगचे. त्याचा काय संबंध?

गोदाकाठ
आहे ना. सोल जाड आणि टाचेकडे पसरट. बाजूला सरकताना कड मॅटला धरते. बॉक्सिंगचे महाग वाटत असतील तर कुस्तीचे घे, चालतात.

देवळालीचे_काका
बूट राहू दे. डावीकडे जाताना आधी कुठला पाय उचलतोस?

सातपूरचा_डावरा
पुढचा.

देवळालीचे_काका
तिथेच मेलास. डावीकडे आधी मागचा डावा, उजवीकडे आधी पुढचा उजवा. स्टान्स कुठलाही असो, ज्या दिशेला जायचं त्या बाजूचा पाय आधी.

पंचवटी_पॅसेंजर
काकांना +१, आज पहिल्यांदाच. पण डावीकडे जातोसच कशाला? तिकडे त्याचा उजवा टपून बसलाय, तोच तर तुला बसतोय!

सातपूरचा_डावरा
आमच्याकडे रिंग नाही, हॉल आहे. नेहमी भिंतीलगतचा कोपरा वाट्याला येतो, उजवीकडे गेलो की लगेच भिंत.

पंचवटी_पॅसेंजर
अरे, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! घंटा झाल्या झाल्या बाजू बदलून घे, भिंत तुझ्या डावीकडे येऊ दे. पार्टनर कुरकुरला तर कोचना मध्ये घाल.

तर्री_जास्त
आणि स्पारिंगनंतर मिसळ कुठे खाता?