तहकूब, रद्द, स्थगित : ग्रामसभेच्या वहीतले शब्द

शिवारवाट :
बातम्यांत एकाच प्रसंगाला तीन शब्द दिसतात. ‘कोरमअभावी ग्रामसभा तहकूब’, ‘ग्रामसभा रद्द’, ‘ग्रामसभा स्थगित’. गावात बोलताना तर ‘सभा मोडली’ नाहीतर ‘गुंडाळली’. हे सगळे समानार्थी धरायचे का? पाण्यासाठी, रस्त्यासाठी गावात माणसं जोडणाऱ्या मंडळींना तहसीलला किंवा पंचायत समितीला लिहून द्यावं लागतं, तिथे कुठला शब्द घालावा? आणि ‘गणपूर्ती’ म्हणजे नेमकी किती माणसं?

दप्तरी :
समानार्थी अजिबात नाहीत. शब्द चुकला तर मागणी हातची जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘ग्रामसभा’. राज्यघटनेच्या अनुच्छेद 243 प्रमाणे गावाच्या मतदार यादीत नाव असलेल्या सगळ्यांची मिळून जी संस्था होते ती ग्रामसभा. म्हणजे ग्रामसभा कायम असतेच, भरते किंवा मोडते ती तिची बैठक. बोलण्यात ‘ग्रामसभा झाली’ हेच रूढ आहे आणि त्यात काही गैर नाही. पण अर्जात ‘ग्रामसभेची बैठक’ लिहावं, कारण ‘ग्रामसभा रद्द केली’ या वाक्याला तसा अर्थच उरत नाही.

गणपूर्ती आणि कोरम एकच. महाराष्ट्रातल्या साध्या ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. गावात 480 मतदार असतील तर 72. 667 पासून पुढे कितीही मोठं गाव असो, 100 पुरतात. पाच हजार मतदारांच्या गावात ‘750 माणसं नाहीत, कोरम नाही’ असं सांगून लोकांना परत पाठवलं जातं, ते ‘जो आकडा कमी’ हे तीन शब्द गाळल्यामुळे.

आता मूळ प्रश्न.

तहकूब म्हणजे तीच बैठक, तीच विषयपत्रिका, फक्त पुढच्या तारखेला. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली बैठक पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. वीस माणसांतही ठराव होतात आणि ते कायदेशीर असतात. मात्र नवा विषय तिथे घेता येत नाही.

रद्द म्हणजे ती बैठक बोलावलीच नव्हती असं धरायचं. पुन्हा घ्यायची तर पुन्हा नोटीस, पुन्हा दवंडी. नियमित बैठकीला 7 दिवसांची नोटीस, तातडीच्या विशेष बैठकीला 4 दिवसांची.

स्थगित हा वर्तमानपत्री शब्द. कार्यवाहीच्या वहीत तो आला तर विचारायचं, तहकूब म्हणायचंय की रद्द? आणि दोन्हींपैकी एक तिथेच लिहून घ्यायचं.

‘तहकूब’ लिहिलं असेल तर पुढची तारीख, वेळ आणि जागा त्याच पानावर हवी. ती जागा कोरी राहिली की नंतर कोणतीही तारीख भरता येते, आणि गावाला पत्ता नसताना ‘तहकूब सभा’ होऊन जाते.

पाणंद :
दप्तरींच्या ‘नवा विषय घेता येत नाही’ या वाक्याखाली दोनदा रेघ मारा. विषयपत्रिकेतला शेवटचा मुद्दा असतो ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. लोकांचा सगळा भरवसा या ‘ऐनवेळ’वर. पाणंद रस्ता, टाकीची गळती, घरकुलाची यादी, सगळं ‘तिथे उठून बोलू’. बैठक तहकूब झाली की पुढच्या वेळी ऐनवेळचा विषयच उरत नाही. छापील विषयांवर ठराव होतात, गावाचा विषय बाहेर.

म्हणून विषय आधी लेखी द्यायचा आणि तो मूळ विषयपत्रिकेत बसवून घ्यायचा. नोटीस निघण्याआधी, म्हणजे बैठकीच्या दहाबारा दिवस आधी. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या रूढ तारखा ठाऊक असतातच, त्यामुळे सबब नको. एका अर्जात एकच विषय. पाच विषय एका कागदावर दिले तर ‘विविध मागण्यांबाबत’ अशी एक ओळ होते आणि पाचही विरघळतात.

आणि ‘चर्चा करणे’ असं लिहू नका. ‘चर्चा करणे व ठराव घेणे’ लिहा. नुसती चर्चा झाली तर वहीत ‘चर्चा झाली’ एवढंच येतं.

शिवारवाट :
‘ठराव घेणे’, ‘ठराव करणे’, ‘ठराव मांडणे’ यांतलं बरोबर कुठलं? आणि ‘सर्वानुमते’ व ‘एकमताने’ यांत फरक आहे का?

दप्तरी :
मांडणे ही सुरुवात. तिला सूचक लागतो, पाठिंब्याला अनुमोदक. दोघांची नावं वहीत पूर्ण हवीत, ‘पाटील’, ‘भाऊ’ नव्हे. करणे आणि घेणे म्हणजे मंजुरी. गावोगाव ‘ठराव घेतला’ हेच चालतं, प्रमाण भाषेत ‘ठराव मंजूर केला’. ‘ठराव दिला’ याचा अर्थ मात्र वेगळा, ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह दिली. ‘ठराव घेतला पण दिला नाही’ या वाक्यात म्हणूनच विसंगती नाही, ती रोजची तक्रार आहे.

सर्वानुमते आणि एकमताने व्यवहारात एकाच अर्थाने वापरतात. खरा धोका वेगळाच. कुणी उघड विरोध केला तरी लिहिणाऱ्याचा हात सवयीने ‘सर्वानुमते’कडे वळतो आणि विरोधाची नोंदच पुसली जाते. विरोध असेल तर ‘बहुमताने’ हा शब्द, बाजूने किती, विरोधात किती हे आकडे आणि ‘यांनी विरोध नोंदवला’ म्हणून नाव. हे बैठक संपायच्या आत सांगायचं. पुढच्या बैठकीचा पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा असतो, दुरुस्तीची तीच शेवटची संधी. एकदा ‘कायम’ झालं की बदलणं फार अवघड.

वहीवाली :
इतिवृत्तावरून आठवलं, ‘हजेरी’ आणि ‘सह्या’ हे शब्दही तपासून घ्या. काही ठिकाणी उपस्थितीच्या सह्या आधी होतात, मधली पानं कोरी राहतात आणि ठराव मागाहून उतरतात. कुठे वही घरोघर फिरते. सही खरी, पण ती बैठकीला हजर असल्याची नव्हे.

उपाय साधा आहे. शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारायची आणि लिहायचं ‘एकूण उपस्थिती 118 (अक्षरी एकशे अठरा), पैकी महिला 47’. आकडा अक्षरी हवाच, 118 चे 178 व्हायला एक फराटा पुरतो. शेवटचा ठराव मोठ्याने वाचून घ्यायचा, त्याखालीही रेघ. मग त्या पानांचा फोटो. हे सगळं भांडून नको, ‘वाचून दाखवा म्हणजे म्हाताऱ्यांना कळेल’ एवढं म्हटलं की पुरतं.

बायकांसाठी आणखी एक शब्द, महिला सभा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. तिच्यातले ठराव ग्रामसभेत मांडले गेले पाहिजेत. बऱ्याच गावांत दोन्ही एकाच दिवशी एकाच मंडपात उरकतात आणि महिला सभेचं पान नुसत्या सह्यांचं राहतं.

रानवाट :
गडचिरोली, नंदुरबारकडच्या वाचकांसाठी एक इशारा. वर दिलेला 15 टक्के किंवा 100 चा हिशेब वनहक्काच्या, म्हणजे जंगलजमिनीवरच्या हक्काच्या, ठरावाला लावू नका. वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे, त्यांत 2012 ला दुरुस्ती झाली. तिथे ग्रामसभेच्या निम्म्या सदस्यांची गणपूर्ती, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला आणि दाव्यांवर ठराव असेल तर किमान निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर. ‘शंभर सह्या झाल्या’ म्हणून पाठवलेला दावा उपविभागीय समितीत याच मुद्द्यावर अडकतो.

‘गाव’ शब्दही तिथे वेगळा. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा वेगळा कायदा लागू असतो तिथे, पाड्याची, वस्तीची स्वतःची ग्रामसभा असू शकते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच अर्थाने घ्यायची. निर्णय तिथे बसलेल्यांचा, पाच गावांच्या गट ग्रामपंचायतीचा नव्हे.

शिवारवाट :
आणखी एक शब्द हवा होता. ‘आडवी बाटली’. बातम्यांत ‘आडवी बाटली जिंकली’ असतं, पण बाहेरच्या माणसाला काहीच कळत नाही.

वहीवाली :
हा शब्द मतपत्रिकेवरून आला. गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायचं की नाही यावर मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावं, आडवी म्हणजे बंद व्हावं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल असं चिन्ह, आणि बायकांनी ते प्रचारात असं उचललं की आता ‘बाटली आडवी करणे’ हा क्रियापदासारखा वापरला जातो.

2008 च्या आदेशाप्रमाणे आधी गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान 25 टक्क्यांच्या सह्यांची मागणी लागते. राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या सह्या पडताळतो, मग मतदान. दुकान बंद व्हायला ‘50 टक्क्यांपेक्षा जास्त’ मतं लागतात, आणि इथेच सगळ्यांची फसगत होते. टक्के धरायचे ते यादीतल्या एकूण मतदारांचे, त्या दिवशी मत द्यायला आलेल्यांचे नव्हेत.

मागणी आणि मतदान फक्त महिलांचं आहे असं 640 महिला मतदारांचं गाव घ्या. मागणीला 160 सह्या. मतदानाला 400 बायका आल्या, 300 जणींनी बाटली आडवी केली, 100 जणींनी उभी. तीनास एक असा निकाल, तरी दुकान चालूच. कारण लागतात 321. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. वारलेल्या आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं यादीत असतील तर तीही.

म्हणून काम सुरू करायचं ते मोर्च्याने नव्हे, मतदार यादीने. वारलेल्या आणि कायमच्या गाव सोडून गेलेल्यांची नावं काढायला फॉर्म 7 भरावा लागतो, त्याला वेळ लागतो. सह्यांच्या कागदावर रकाने असे : यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, यादीत आहे तसंच नाव, सही किंवा अंगठा. यादीत माहेरचं नाव आणि कागदावर सासरचं, की सही बाद. काठावर 160 देऊ नका, दोनशेच्या पुढे द्या, पडताळणीत काही गळतातच. पडताळणीच्या दिवशी बाया कामावर गेल्या तर त्याही गळतात, तेव्हा तारीख कळली की घरोघर निरोप गेला पाहिजे.

शब्दाचा नेमकेपणा इथेही पाळा. हे मतदान ‘दुकानबंदी’चं आहे, लोक त्याला ‘दारूबंदी’ म्हणतात. हातभट्टी बेकायदाच आहे, ती बंद करायला मतदान लागत नाही, तक्रार लागते.

पाणंद :
तक्रार आली, तर अर्ज, निवेदन आणि तक्रार वेगळे करून टाकू. निवेदन शिष्टमंडळाने द्यायचं, फोटो निघतो, बातमी येते. अर्जात एक निश्चित मागणी असते आणि कार्यालयाला काहीतरी कळवावं लागतं. तक्रारीत कोणी, कधी, काय केलं हे असतं. ‘निवेदन देऊनही दखल नाही’ असं वर्षभर म्हणत राहण्यापेक्षा त्याच दिवशी निवेदनाबरोबर साधा अर्जही आवक शाखेत द्यावा.

आणि त्याची ‘पोच’. आपल्या प्रतीवर तीन गोष्टी हव्यात : शिक्का, तारीख, आवक क्रमांक. नुसता गोल शिक्का म्हणजे अर्धी पोच. क्रमांक नसेल तर कागद आवक नोंदवहीत चढलाच नाही असं नंतर सांगता येतं. क्रमांक असला की माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुकच्या अर्जावर झालेली कार्यवाही व टिपणी यांच्या प्रती’ मागता येतात, दर पानाला 2 रुपये, मुदत 30 दिवस. दप्तरदिरंगाईच्या कायद्यात एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल साधारणपणे 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं आहे. त्याचा आधार घ्यायचा तर तारीख सिद्ध व्हावी लागते.

रानवाट :
आंदोलनाच्या शब्दांवरही थोडं. ‘आमरण’ हा शब्द फार स्वस्त झालाय. एक दिवसाचं ते लाक्षणिक उपोषण, रोज वेगळी माणसं बसतात ते साखळी, मागणी मान्य होईपर्यंत ते बेमुदत. पत्रावर ‘आमरण’ लिहून तिसऱ्या दिवशी तोंडी आश्वासनावर उठलं की पुढच्या पत्राचं वजन जातं. उठायचंच तर लेखी आश्वासनावर, त्यात अधिकाऱ्याचं पदनाम आणि काम पूर्ण करण्याची तारीख. ‘लवकरात लवकर’ हे शब्द खोडून तारीख घालून मागा.

दप्तरी :
एक पुरवणी. ‘जमावबंदी’ आणि ‘संचारबंदी’ यांची गल्लत होते. सणासुदीला, निवडणुकीला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37 लागतं, ती जमावबंदी, तेव्हा पाच किंवा अधिक माणसांच्या जमावावर आणि मिरवणुकीवर बंदी येते. घराबाहेर पडण्यावर नव्हे, ती संचारबंदी. राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय हा आदेश 15 दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून आदेशाची प्रत मिळवून त्यावरची शेवटची तारीख पाहावी. आदेशात परवानगीची तरतूद असेल तर पत्रात ‘धरणे आंदोलन करणार आहोत, माहितीस्तव सादर’ एवढं लिहून भागत नाही. ‘परवानगी मिळावी’ असे शब्द हवेत, सोबत जागा, सुरू-समाप्तीची वेळ, अंदाजे संख्या आणि ध्वनिक्षेपक आहे की नाही. हे पत्र पोलीस ठाण्यात द्यायचं, तहसीलदारांना फक्त प्रत.