मदत हवी आहे – हिमोग्लोबिन ६.४ आणि म्हणे लोह जास्त!! गोळी बंद ठेवू का?

कृष्णाकाठ
नमस्कार, घाईत लिहितेय. अण्णांचं हिमोग्लोबिन परत ६.४ आलंय आणि डॉक्टर म्हणतात अंगात लोह फार साठलंय, ते काढायची गोळी दिलीय. मला हे गणितच कळत नाहीये. रक्त कमी म्हणजे लोह कमी, पालक खा गूळ खा हेच ऐकत मोठे झालो ना आपण सगळे? वर म्हणे जास्त लोहामुळे नवीन रक्त बनायलाच अडथळा येतो. गोळीने जुलाब लागले म्हणून आठवडाभर बंद ठेवलीय. परत चालू करू का नको एवढंच सांगा. परवा जायचंय पण तिथे पाच मिनिटं पण मिळत नाहीत म्हणून इथे विचारतेय. 'डॉक्टरांना विचारा' हे उत्तर नकोय.

ठेचा_भाकरी
काळे मनुके रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट. बीट, डाळिंब, खारीक, अळीव. माझ्या जावेचं ७ वरून ११ झालं दोन महिन्यात.

पिशवी_नंबर
ठेचाताई, लोह जास्त झालंय म्हणतायत त्या, आणि तुम्ही अळीव देताय :)
कृष्णाकाठ, मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण आजार काय, वय काय, रक्त चढवतात का, फेरिटिन (साठलेल्या लोहाची टेस्ट) किती, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) किती, गोळी कुठली, यातलं काहीच लिहिलं नाहीत तुम्ही.

कृष्णाकाठ
फाईल भावाकडे कऱ्हाडला आहे, मी पुण्यात. वय ६८. फेरिटिन ३१८०. गोळी डेफेरासिरॉक्स. रक्त चढवतात ना, महिन्याला दोन पिशव्या.

पिशवी_नंबर
किती महिने झाले? आणि आजाराचं नाव?

कृष्णाकाठ
एमडीएस, मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम. सांगितलं की वर. दीड वर्ष झालं.

पिशवी_नंबर
वर कुठेच नाहीये हो, पण असू दे. हाच मुद्दा होता सगळा.

रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. दीड वर्षात ३६ पिशव्या धरा, म्हणजे ७ ते ९ ग्रॅम लोह आत गेलं. धडधाकट माणसाच्या अख्ख्या अंगात ३-४ ग्रॅम असतं. आणि शरीर रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅम बाहेर टाकतं, तेही कातडी आणि आतड्याच्या पेशी झडतात त्यातून. तुम्ही कऱ्हाडच्या, तर कोयनेचं उदाहरण देतो, धरण भरलं की दरवाजे उघडता येतात, लोहाच्या धरणाला दरवाजाच नाही.

आता हिमोग्लोबिन कमी का. लोह नाही म्हणून नाही, एमडीएसमधे हाडातला मगज म्हणजे बोन मॅरोच नीट पेशी बनवत नाही. सिमेंट गोदामभर आहे पण गवंडी आजारी. त्यात अर्धवट बनलेल्या लाल पेशी एक निरोप सोडतात, त्याने यकृतातलं हेप्सिडिन नावाचं हॉर्मोन दबतं, आणि हेप्सिडिन दबलं की आतडं जेवणातून अजून लोह ओढून घेतं. म्हणजे गोदाम भरलंय तरी दारात ट्रक उभेच.

आणि तुमचा खरा प्रश्न, जास्त लोहाने रक्त बनायला अडथळा कसा. रक्तात लोह वाहून न्यायला ट्रान्सफेरिन नावाचं प्रोटीन असतं. ते भरून गेलं की उरलेलं लोह मोकाट फिरतं, आणि मोकाट लोह म्हणजे ठिणगी, त्यातून ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात. ते मगजातल्या मूळ पेशींच्या डीएनएला इजा करतात, आणि त्या पेशींना सांभाळणाऱ्या आजूबाजूच्या पेशींनाही. आधीच आजारी असलेला मगज अजून थकतो. हृदय, यकृत, स्वादुपिंड इथेही साठतं ते वेगळंच.

शंकासूर
पिशवी, जरा हळू. रक्तपेशींचे काउंट कमी आहेत ते मुळात एमडीएसमुळे. लोह काढलं की हिमोग्लोबिन वाढेल असं त्यांना वाटलं तर निराशा होईल.

पिशवी_नंबर
वाढेलच असं मी कुठे म्हटलं? काही पेशंटमधे गोळी चालू झाल्यावर काउंट सुधारलेत, पिशव्या कमी लागल्यात, हे छापून आलेलं आहे. सगळ्यांना नाही.

शंकासूर
थोड्यांना. २०२० मधे टेलेस्टो ट्रायल छापून आली, एमडीएसच्याच पेशंटवर हीच गोळी. गुंतागुंतीशिवाय गेलेले दिवस वाढले, पण माणूस जास्त जगतो असं स्पष्ट दिसलं नाही. हृदय-यकृत वाचवायला गोळी घ्यायची, रक्त वाढलं तर बोनस. हे माझं वैयक्तिक मत.

पिशवी_नंबर
मग आपण भांडतोय कशावर?

टोरांटोचा_तात्या
सोपा उपाय आहे. माझ्या मेव्हण्याचं फेरिटिन असंच वाढलेलं, इकडे दर काही आठवड्यांनी बाटलीभर रक्त काढून घेतात, झालं. गोळ्या कशाला?

शंकासूर
तात्या, ६.४ हिमोग्लोबिनच्या माणसाचं रक्त काढता? मेव्हण्यांना हिमोक्रोमॅटोसिस असणार, ते जन्मजात दुखणं, गोऱ्यांमधे जास्त. त्यांचं रक्त व्यवस्थित बनतं म्हणून काढून चालतं.

टोरांटोचा_तात्या
मेव्हणा गोराच आहे, बहिणीने इकडचाच केला. बरं, राहिलं.

रोजची_आई
कृष्णाकाठ, माझा मुलगा थॅलेसेमिया मेजर आहे, जन्मजात रक्ताचा आजार, त्यातही सारखं रक्त चढवावं लागतं, आता १९ वर्षांचा. आजार वेगळा पण लोहाची कटकट तीच. तो लहान असताना रोज रात्री पोटाच्या कातडीखाली सुई टोचून लोह काढायच्या औषधाचा पंप लावायचो, आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. सुई निघाली की पंपाचा अलार्म वाजायचा आणि घरातले सगळे उठायचे. तुमच्या गोळीची किंमत मला विचारा, मी तर पेढे वाटले होते गोळी आली तेव्हा.

जुलाब आम्हालाही झाले. परस्पर बंद नका ठेवू, पण परस्पर चालूही नका करू. आमच्या डॉक्टरांनी डोस कमी केला, मग हळूहळू वाढवला. तुमची गोळी पाण्यात विरघळवायची आहे का गिळायची? विरघळवायची असेल तर उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी, आणि दुधात नाही. अ‍ॅसिडिटीचं अ‍ॅल्युमिनियमवालं औषध सोबत घेऊ नका. क्रिएटिनिन कधी केलंय शेवटचं? ते फार महत्त्वाचं. आमचं पहिल्या महिन्यात दर आठवड्याला करत होते, लिव्हरची टेस्ट पण. जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं की किडनीवर अजून ताण येतो. लोह नेमकं कुठे किती साठलंय ते टी-टू-स्टार एमआरआयमधे दिसतं, तेही विचारा.

वैद्यकुलीन
या रासायनिक गोळ्यांनीच किडनी जाते. पुनर्नवा मंडूर द्या, पांडुरोगावर म्हणजे रक्त कमी असण्यावर शतकानुशतकं चालत आलंय.

शंकासूर
मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना गंज. लोह काढायला लोह?

वैद्यकुलीन
भस्म आणि गंज यातला फरक ज्यांना कळत नाही त्यांच्याशी वाद घालत नाही.

शंकासूर
घालू नका, पण त्यांच्या वडिलांना देऊ पण नका.

कृष्णाकाठ
भांडू नका हो प्लीज. क्रिएटिनिन भावाला विचारलं, आधी १.१ होतं, गोळी चालू झाल्यापासून केलेलंच नाही म्हणाला. आणि एक राहिलं, गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणासाठी लाल टॉनिक दिलंय ते अण्णा रोज दोन चमचे घेतात, सोबत सी व्हिटॅमिनची चोखायची गोळी. ते चालू ठेवायचं ना?

पिशवी_नंबर
बाटलीवर काय लिहिलंय? फेरिक अमोनियम सायट्रेट किंवा फेरस काहीतरी, म्हणजे लोहाचं?

कृष्णाकाठ
भावाने फोटो पाठवला. फेरिक अमोनियम सायट्रेट.

रोजची_आई
अगं बाई! एका बाजूने काढताय आणि दुसऱ्या बाजूने ओतताय. सी व्हिटॅमिनने लोह अजून जास्त शोषलं जातं. आजच भावाला फोन करून रक्ताच्या डॉक्टरांना बाटलीचा फोटो पाठवायला सांग, परवाची वाट नको बघू. त्यांना टॉनिकचं माहीतच नसणार.

ठेचा_भाकरी
मग लोखंडी तवा पण बंद करायचा का? आमच्याकडे सगळं लोखंडी कढईत होतं आणि सासऱ्यांना पण रक्त कमी आहे.

शंकासूर
अवांतर होतंय. सासऱ्यांना रक्त कशाने कमी आहे ते आधी शोधा, फेरिटिन करा. तव्याचं नंतर.

कृष्णाकाठ
चार दिवसांनी येतेय. फोटो पाठवल्यावर डॉक्टरांचा स्वतःहून फोन आला, चांगलेच चिडले होते, टॉनिकवर आणि गोळी न विचारता बंद केली त्यावर पण. टॉनिक आणि सी व्हिटॅमिन त्याच दिवशी बंद. क्रिएटिनिन १.६ निघालं, त्यामुळे गोळी अजून दहा दिवस थांबवलीय, परत टेस्ट करून कमी डोसने चालू करणार. पिशव्या पण ३६ नाहीत, भावाने फाईलमधून मोजल्या तर ४३ निघाल्या. एमआरआय पुण्यात करायचाय. आई टॉनिकची बाटली टाकू देत नाहीये, अर्धी शिल्लक आहे म्हणे, शेजारच्या काकूंना देते म्हणाली.

रोजची_आई
काकूंचं फेरिटिन केलंय का विचार आधी :)