छत्रीच्या दांड्यासारखं वाकडं ते वाद्य कोणतं?

उदगीरचा_भाचा
आमचे मामा चाळीस वर्षं लगीनसराईत सनई वाजवतात. परवा त्यांना मोबाईलवर युरोपातलं जुनं, सोळाव्या शतकातलं काहीतरी ऐकवलं. वाद्य छत्रीच्या दांड्यासारखं वाकडं, आवाज डब्यात कोंडलेल्या भुंग्याचा. मामा म्हणले, "पत्ती कुठं हाय? नुसतं लाकूड तोंडात दिसू लालंय. पत्तीला ओठ नाही तर मींड कशी काढतो हा?" (पत्ती म्हणजे सनईच्या तोंडाशी असते ती, फुंकल्यावर थरथरणारी; मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं.) वाजवणाऱ्याचं नाव डेव्हिड मन्रो. कोणी सांगेल का?

गाणंवेडा_नांदेड
क्रमहॉर्न. मामांची नजर पक्की आहे! पत्ती आत असते, वरून लाकडी टोपण. फुंकायचं टोपणाच्या फटीत. त्यामुळं मींड नाही, आवाज लहानमोठा करणंही जवळपास नाही. सप्तकाच्या वर एखादा सूर, संपलं.

मन्रो (१९४२–१९७६) केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकायचा, बासून हे लांब लाकडी फुंकवाद्य वाजवायचा. मित्राच्या भिंतीवर शोभेला टांगलेलं क्रमहॉर्न त्यानं पाहिलं अन् त्याच्याच मागं लागला. १९६७ साली स्वतःचा ताफा उभा केला. अडचण बघा: सुसाटो नावाच्या संगीतकार-प्रकाशकानं १५५१ साली अँटवर्पला छापलेलं नाचाच्या चालींचं पुस्तक आहे, पण कोणती चाल कोणत्या वाद्यावर, ते त्यात नाही. कुठल्याही वाद्यावर वाजवा म्हणतो! मग जुनी चित्रं बघायची, तशी वाद्यं घडवून घ्यायची, अन् शेवटी स्वतःच्या कानानं ठरवायचं. काही पंडितांना हे फार रंगीत वाटायचं. मला विचाराल तर तो रंग नसता तर कोणी ऐकलंच नसतं. आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांवरच्या १९७० च्या टीव्ही मालिकेला त्याचंच संगीत होतं. रेडिओवर तर पोरांसाठी पाच वर्षं कार्यक्रम केला.

सेलूचे_मास्तर
थोडं विषयांतर. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तिच्यात मन्रोच्या ताफ्यानं वाजवलेली होलबोर्न या जुन्या इंग्रज संगीतकाराची सव्वा मिनिटाची चाल आहे, अन् केसरबाई केरकरांची भैरवी 'जात कहाँ हो'सुद्धा. यान उडालं तेव्हा मन्रो जाऊन वर्ष झालं होतं. तेहेतिसाव्या वर्षी गेला बिचारा.

उदगीरचा_भाचा
मास्तर, केसरबाईंचं नाव काढल्यावर मामांनी कानाला हात लावला. क्रमहॉर्नचं ऐकून मात्र हसले. "त्यांच्याकडं कागद राहिला, वाजवणारा गेला. आपल्याकडं कागदच नव्हता."

त्यांच्या उस्तादांची पहाटेची एक धून आहे, आता फक्त मामांनाच येते. म्हणलं, रेकॉर्ड करतो. तर फोन उलटा पालथा घातला अन् हातात सूर दिला, म्हणजे सनईच्या साथीला एकच स्वर धरून ठेवणारं वाद्य. "आधी हा धर. मधी श्वास तुटू द्यायचा नाही." दोन मिनिटांत माझे गाल भरून आले, डोळ्यांसमोर काजवे. मामांनी सनई खाली ठेवली, म्हणले उद्या पुन्हा ये.