सीआरपी वाढलाय, मग फुप्फुसाचा कॅन्सर शोधायचा का?

बाकरवडी_अर्धा_किलो: मोठ्या भावाचा (वय ५८, तीस वर्षं रोज एक पाकीट, दोन वर्षं झाली सोडून) फुल बॉडी चेकअपचा रिपोर्ट आला. सगळं ठीक, फक्त एचएस-सीआरपी (अंगात सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन, बारीक मोजणारी टेस्ट) ७.४, पुढे जाड अक्षरात हाय. तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज फिरतोय ना, रक्तात सूज दाखवणारे मार्कर वाढले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, तो वहिनीने नेमका त्याच दिवशी वाचला, झालं. पण मेसेज पूर्ण खोटा नाहीये बरं का. माझं मत, सिगरेटवाल्या प्रत्येकाची ही टेस्ट दरवर्षी व्हावी, पाचेकशे रुपयांचा तर प्रश्न आहे. घ्या आता मला फाडून.

नळीवाला_हडपसर: फाडतोच. १४ वर्षं लॅबमध्ये आहे. सीआरपी बनवतं लिव्हर, अंगात कुठेही काही बिनसलं की आयएल-६ या सूजेची वर्दी देणाऱ्या प्रोटीनचा निरोप जातो आणि लिव्हर कामाला लागतं, पण बिनसलंय कुठे ते हा आकडा सांगत नाही. हिरडी सुजली वाढला, सर्दी झाली वाढला, पोट सुटलंय म्हणून पण वाढतो, सिगरेटने तर वाढतोच. वारीत सासवडपर्यंत चालून आलेल्याचं रक्त दुसऱ्या दिवशी घ्या आणि बघा गंमत. भावाला त्या आठवड्यात काय होत होतं?

बाकरवडी_अर्धा_किलो: दाढ ठणकत होती, खरंय. पण कॅन्टोसचं काय? २०१७ ची ट्रायल, हार्ट अटॅक येऊन गेलेले १० हजार लोक, सगळ्यांचा सीआरपी २ किंवा जास्त, त्यांना सूज दाबणारं कॅनाकिनुमॅब दिलं तर सगळ्यात मोठ्या डोसवाल्यांत फुप्फुसाचा कॅन्सर दोन तृतीयांशाने कमी. सूज नुसती साक्षीदार असती तर असं झालं असतं का?

टिळक_रोड_दुपारी_बंद: अर्धंच सांगताय राव. ट्रायल हार्टसाठी होती, कॅन्सरचं नंतर दिसलं. पुढे तेच औषध कॅनोपी ट्रायल्समध्ये थेट फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटना दिलं, काही उपयोग झाला नाही. आणि कॅन्टोसमध्ये जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली होती ते कोण सांगणार? टीबीच्या देशात हे इंजेक्शन वाटत बसायचं?

बाकरवडी_अर्धा_किलो: इंजेक्शन कोण वाटतंय, मी टेस्टबद्दल बोलतोय. आणि झालेला कॅन्सर बरा करणं वेगळं, होऊ न देणं वेगळं.

टिळक_रोड_दुपारी_बंद: हा मुद्दा मान्य. मग टेस्टवरच या. २०१९ ला बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २० कोहॉर्ट (वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेले लोकांचे गट) एकत्र करून पाहिलं होतं, फुप्फुसाच्या कॅन्सरचे पाच हजारांवर पेशंट. सिगरेट ओढणारे आणि सोडलेले यांच्यात सीआरपीचा कॅन्सरशी संबंध दिसला, कधीच न ओढलेल्यांत नाही. आणि सगळ्यात जास्त कुठे, तर रक्त घेतल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. म्हणजे कित्येकांत गाठ आधीच असणार, तीच सीआरपी वाढवत असणार! कारण कोण नि परिणाम कोण?

बाकरवडी_अर्धा_किलो: अहो मग गाठ आधीच असेल तर टेस्ट उपयोगाचीच झाली की!

मुळशीची_लेक: माझ्या आईने आयुष्यात विडीला हात लावला नाही. चाळीस वर्षं चूल, पावसाळ्यात ओली लाकडं, फुंकणी तोंडाला लावून डोळे मिटून फुंकायची आणि मग पदराने डोळे पुसत खोकायची. खोकला थांबेना तेव्हा एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून टीबीची औषधं सुरू केली, पाच महिने त्यात गेले. सीआरपी नॉर्मल आहे म्हणून आम्हीपण निवांत. निघाला अ‍ॅडेनोकार्सिनोमा, फुप्फुसाचाच कॅन्सर. तुमच्या दरवर्षीच्या टेस्टमध्ये ती पास झाली असती दादा.

बाकरवडी_अर्धा_किलो: ताई, यावर काय बोलू. नॉर्मल आला म्हणून सुटका नाही, हे माझ्या डोक्यात नव्हतं.

टिळक_रोड_दुपारी_बंद: तुमच्या भावासाठी लो-डोस सीटीचं (कमी किरणांचा छातीचा सीटी स्कॅन) विचारा छातीच्या डॉक्टरांना. अमेरिकेत ५३ हजार लोकांवर ट्रायल झाली, २०११ ला छापून आली, साध्या एक्स-रेच्या तुलनेत फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी. तिकडच्या नियमात वय ५० ते ८०, वीस पाकीट-वर्षं (रोजची पाकिटं गुणिले वर्षं), सोडून पंधरा वर्षं झालेली नसावीत, तुमचा भाऊ बसतो त्यात. फक्त आपल्याकडे टीबीचे जुने डाग पण गाठीसारखे दिसतात, तेव्हा रिपोर्ट हातात पडला की लगेच वहिनींना दाखवू नका.

बाकरवडी_अर्धा_किलो: काल दाढ काढली. सीटीची अपॉइंटमेंट सोमवारी घेतोय. सीआरपी तीन आठवड्यांनी परत करणार, ते मी सोडणार नाही.

नळीवाला_हडपसर: करा. पण त्याला उपाशी राहावं लागत नाही, रक्त घ्यायला येणाऱ्या पोराला सकाळी सहाला बोलवू नका.