शब्दचर्चा : ‘उपलब्धता’ आणि ‘कल’, आरपीजीतील प्रेमपात्रांची लैंगिकता ‘सुसंगत’ आहे असे कधी म्हणावे?

चर्चाप्रस्ताव

रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममधील, म्हणजे ज्यांना आपण सरसकट आरपीजी म्हणतो त्या खेळांमधील, प्रेमकथांविषयी मराठीत लिहिताना एका शब्दाची अडचण मला वारंवार जाणवते. खेळाडूचे पात्र स्त्री असो वा पुरुष, त्याच्याशी प्रेमसंबंध जुळवू शकणाऱ्या सोबती पात्राला खेळाडूंच्या बोलण्यात ‘प्लेयरसेक्शुअल’ म्हटले जाते. यासाठी ‘उभयलिंगी’ हा शब्द चटकन सुचतो, परंतु तो मला दोन कारणांनी खटकतो. पहिले कारण असे की वनस्पतिशास्त्रात उभयलिंगी फूल म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असलेले फूल. तेथे हा शब्द शरीररचना सांगतो, ओढ कोणाकडे आहे हे सांगत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. असे पात्र स्त्री आणि पुरुष दोघांकडेही आकृष्ट होते, असे खेळ प्रत्यक्षात सांगतोच असे नाही. तो केवळ खेळाडूपुढचा कोणताही पर्याय बंद करत नाही. तेव्हा या संकल्पनेसाठी कोणता शब्द वापरावा, आणि पात्राची लैंगिकता ‘सुसंगत’ आहे असे म्हणताना ती नेमकी कशाशी सुसंगत असणे अपेक्षित असते, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिला बराचसा सुटतो. ‘सुसंगत’ हे विशेषण एकटे उभे राहत नाही. त्याला ‘कशाशी’ हा आधार लागतो. आरपीजीच्या बाबतीत हा आधार दोन प्रकारचा असतो. एकाच डावात, म्हणजे खेळ एकदा आरंभापासून शेवटपर्यंत खेळताना, पात्राचे आधीचे आणि नंतरचे बोलणे जुळणे ही एक गोष्ट, आणि दोन वेगवेगळ्या डावांत त्या पात्राचा भूतकाळ तोच राहणे ही दुसरी. वाद बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारावरून होतात, आणि कादंबरीच्या समीक्षेची परिभाषा तेथे अपुरी पडते, कारण कादंबरीला दुसरा डाव नसतो.

‘ड्रॅगन एज २’ या २०११ सालच्या खेळाचे उदाहरण घ्यावे. अँडर्स, फेन्रिस, मेरिल आणि इझाबेला या चौघांशीही खेळाडूचे पात्र असलेला हॉक, मग तो पुरुष असो वा स्त्री, प्रेमसंबंध जुळवू शकतो. खेळाचा नियम चौघांनाही एकच आहे, परंतु लेखन सारखे नाही. इझाबेलाची स्त्री-पुरुष दोघांविषयीची ओढ तिच्या बोलण्यातून आणि पूर्वायुष्यातून दिसत राहते, मग हॉक कोणीही असो. अँडर्सचे तसे नाही. हॉक पुरुष असेल तर कार्ल हा आपला प्रियकर होता, असे तो उघडपणे सांगतो. हॉक स्त्री असेल तर ही माहिती तिला दिली जात नाही. आता याचे दोन अर्थ लावता येतात. एक असा की दोन्ही डावांत सत्य तेच असून अँडर्स समोरची व्यक्ती पाहून ते सांगतो किंवा झाकतो, आणि माणसे असे वागतातच. दुसरा असा की स्त्री हॉकच्या डावात ते नाते मुळी नव्हतेच. संहितेत दोन्ही अर्थांना जागा आहे, आणि माझ्या मते दोष तेथेच आहे. पात्राने लपवावे, त्याला हरकत नाही. परंतु ते लपवत आहे याची एखादी खूण दोन्ही डावांत शिल्लक राहायला हवी. मित्राच्या आठवणीने गरजेपेक्षा जास्त हललेला आवाज, कोणा तिसऱ्याने सहज केलेला उल्लेख, एवढेही पुरते.

म्हणून मी ‘उपलब्धता’ आणि ‘कल’ असे दोन शब्द वेगळे ठेवण्याचे सुचवतो. उपलब्धता हा खेळाचा नियम आहे: कोणत्या खेळाडूपात्रासाठी प्रेमाचा पर्याय खुला आहे. कल हा पात्राचा गुण आहे, आणि तो संहितेतील पुराव्यावरून ठरतो. ‘प्लेयरसेक्शुअल’ हा शब्द या दोहोंची सरमिसळ करतो, म्हणून त्याच्या आधारे चाललेला वाद सहसा कुठेच पोहोचत नाही. ‘खेळाडूसापेक्ष’ असे विशेषण घेतले तर ‘खेळाडूसापेक्ष उपलब्धता’ ही निरुपद्रवी गोष्ट आणि ‘खेळाडूसापेक्ष कल’ हा गंभीर दावा, असा भेद नीट करता येतो. इझाबेलाला पहिले वर्णन लागू पडते, तर अँडर्सवर दुसऱ्याचा संशय येतो.

प्रतिसाद

भेद मान्य आहे, परंतु खेळाडूसापेक्षतेला आपण जवळजवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, असे मला वाटते. ‘मास इफेक्ट’ मालिकेचा पहिला भाग २००७ मध्ये आला. त्यातील खेळाडूचे पात्र म्हणजे शेपर्ड. पुरुष शेपर्डला पुरुषाशी प्रेमसंबंध जुळवण्याची मुभा मात्र थेट २०१२ च्या तिसऱ्या भागात मिळाली. ठरीव कलाच्या नावाखाली कोणासाठी किती दारे बंद राहतात, हेही मोजायला हवे. शिवाय ‘स्कायरिम’ या खेळामध्ये गळ्यात मारा या प्रेमदेवतेचे ताईत घालून ज्या पात्रांशी विवाह करता येतो, त्यांच्या पूर्वीच्या प्रेमाविषयी खेळ सहसा काही बोलतच नाही. जेथे पुरावाच नाही, तेथे विसंगती कोठून येणार?

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

आपण काढलेला ‘मास इफेक्ट’चा विषय मला उपयोगी वाटतो, कारण त्यातील केडन हे पात्र या चर्चेत नेहमी चुकीच्या बाजूला उभे केले जाते. पहिल्या भागात तो केवळ स्त्री शेपर्डच्या प्रेमात पडू शकतो आणि तरुणपणी राना नावाच्या मुलीवर आपला जीव होता असे सांगतो. तिसऱ्या भागात मात्र तो पुरुष शेपर्डजवळही प्रेम व्यक्त करू शकतो. याला कित्येक जण विसंगती म्हणतात. परंतु रानाविषयीच्या ओढीने रानाविषयीची ओढ तेवढी सिद्ध होते. अन्य ओढीचा नकार तीत कोठेही नाही. बदलली ती उपलब्धता. कलाविषयी आधी मौन होते, आणि मौन मोडणे म्हणजे शब्द फिरवणे नव्हे.

याच्या उलट टोकाला ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’मधील डोरियन आहे. हा खेळ २०१४ सालचा. डोरियन समलिंगी आहे आणि त्याचा कल बदलावा म्हणून त्याच्या वडिलांनी रक्तजादूचा घाट घातला होता, हा त्याच्या कथेचा गाभा आहे. स्त्री खेळाडूपात्रासाठीही तो उपलब्ध ठेवला असता तर वडिलांशी झालेला तो सगळा संघर्ष पोकळ झाला असता. येथे दार बंद ठेवणे ही कथेचीच मागणी होती. ‘सायबरपंक २०७७’मध्येही ज्युडीशी प्रेमसंबंध जुळण्यासाठी खेळाडूच्या पात्राला स्त्रीचे शरीर आणि स्त्रीचा आवाज दोन्ही लागतात, तर पॅनमसाठी पुरुषाचे शरीर पुरेसे असते, आवाज कोणताही चालतो. म्हणजे ज्याला आपण ढोबळपणे ‘लिंग’ म्हणतो त्याचे खेळाच्या नियमात दोन वेगळे घटक होतात, आणि कोणत्या पात्राला कोणता घटक महत्त्वाचा हे ज्याने ठरवले त्याने, नकळत का होईना, त्या पात्राच्या कलाविषयीच विधान केले आहे.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

पुरावा नसेल तर विसंगतीही नाही, हे खरे. पण मग कल आहे असेही म्हणता येत नाही. पूर्वायुष्य लिहिण्याची वेळ आली की लेखकाची परीक्षा होते. ‘स्टारड्यू व्हॅली’मध्ये लेआच्या आयुष्यात पूर्वी केल नावाची व्यक्ती होती; खेळाडू पुरुष असेल तर केल पुरुष असतो आणि खेळाडू स्त्री असेल तर स्त्री. प्रत्येक डाव स्वतःपुरता निर्दोष आहे, हे मान्य करावेच लागेल. मात्र दोन डाव शेजारी ठेवले की लेआचा भूतकाळ खेळाडूच्या मागून चालत आलेला दिसतो. खेळाडूसापेक्ष कलाचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. ‘ड्रॅगन एज’ मालिकेतील ‘द व्हेलगार्ड’मध्ये, म्हणजे २०२४ साली, याच अडचणीवर वेगळा उपाय केलेला दिसतो: सर्व सोबती सर्वांसाठी उपलब्ध आहेत, परंतु खेळाडूने एमरिकशी संबंध जुळवला नाही तर तो स्ट्राइफकडे, म्हणजे दुसऱ्या पुरुषाकडे, ओढला जाऊ शकतो. खेळाडू बाजूला झाल्यावरही जी ओढ उरते, तिला कल म्हणायला माझी तयारी आहे.

प्रतिसाद

संहिता मराठीत लिहायची झाल्यास हा प्रश्न व्याकरणातच उभा राहतो, म्हणून एक भर घालतो. ‘तुम्ही आलात’ हे वाक्य स्त्री-पुरुष दोघांना चालते. परंतु जवळीक वाढून पात्र ‘तू’वर आले की ‘आलास’ की ‘आलीस’ हे ठरवावेच लागते, म्हणजे प्रेमाच्या ऐन क्षणी एका ओळीच्या दोन ओळी होतात. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ येथे मदतीला येतो: ‘तू मला वाचवलेस’ यात ऐकणाऱ्याचे लिंग उघड होत नाही. पूर्वीच्या जोडीदाराविषयी बोलताना अधिक जपावे लागते. ‘एका व्यक्तीवर माझे प्रेम होते, ती मला सोडून गेली’ असे लिहून लेखकाला वाटते की आपण काहीच उघड केले नाही, पण ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे वाचकाच्या कानावर बाईच पडते. अँडर्ससारखे लपवणारे पात्र असेल तर मी त्याच्या तोंडी ‘आमचे फार काळ टिकले नाही’ एवढेच घालीन. डोरियनसारखे पात्र असेल तर ‘तो सोडून गेला’ असेच लिहीन, आणि खेळाडूचे पात्र स्त्री असतानाही त्या ओळीतला ‘तो’ बदलू देणार नाही.