नेम चुकला, मोडला की सुटला?

नेर (यवतमाळ)
भजनी मंडळात नव्यानं माळ घातलेल्यांसाठी एका पानाचं पत्रक लिहितो आहे. घरात कोणी आडवं येतं, पारावर 'काऊन बुवा, आज टाय कुटाले नाई गेले?' म्हणून हिणवतात, आणि चार महिन्यांत माळ खुंटीला लागते. अशात टिकून राहतो त्याच्या गुणाला काय म्हणावं? मसुद्यात 'चिकाटी' लिहिलं, ते कानाला खटकतं. श्रद्धा, निष्ठा, धीर, तग, यातला कोणता कुठे बसेल?

दर्यापूर (अमरावती)
खटकणारच. चिकाटी कामाची असते, आणि काम झालं की तिचं प्रयोजन संपतं. माळेचं तसं नाही.

श्रद्धा आणि निष्ठा यांतला फरक क्रियापदं सांगतात. श्रद्धा बसते, श्रद्धा ठेवतात, आणि ती उडतेही. 'निष्ठा उडाली' असं मात्र कोणी म्हणत नाही. निष्ठा राखतात, बाळगतात, वाहतात. तिची कसोटी लागते. व्युत्पत्तीही याच वाटेनं जाते: श्रद्धेत 'धा' म्हणजे ठेवणे, निष्ठेत 'स्था' म्हणजे उभं राहणे. माळ घालतो तेव्हा श्रद्धा पुरते. निष्ठा आहे की नाही, हे कोणी आडवं येईपर्यंत कळत नाही.

'तग' घेऊ नका. तग पीक धरतं. पावसानं ताण दिला की भारी जमिनीतली तूर सोटमुळाच्या जोरावर तग धरून राहते आणि बरडावरचं सोयाबीन माना टाकतं. त्यात तुरीचा निर्धार काही नसतो, जमीन भारी असते इतकंच.

मोर्शी (अमरावती)
पत्रकात 'खचणे' यायलाच हवं. 'मन खचलं' म्हणतो तेव्हा मागे विहीर असते. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. मुरूम लागेपर्यंतचा वरचा थर बांधून काढला नाही, तर विहीर बाजूनं खचते. धक्का कोणीच दिलेला नसतो. माणसाचंही हेच. घरात एकदा मोठं भांडण झालं तर तो उलट हट्टाला पेटतो. खचतो तो रोजच्या बारीक टोमण्यांनी. म्हणून 'विरोधाने खचू नये' असं गुळमुळीत लिहू नका, 'टोमण्यांनी खचू नये' लिहा.

महानुभाव पंथाचं तीर्थ रिद्धपूर आमच्याच तालुक्यात, म्हणून त्या पंथाचा एक शब्द सांगतो: असन्निधान. देव जवळ नसण्याचा काळ. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर मागे राहिलेली मंडळी रिद्धपूरला त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिली, आणि पंथाचा सगळा आचार, म्हणजे स्मरण, अटन (फिरत राहणं), विजन (एकांतात राहणं), भिक्षाभोजन, या असन्निधानातच करायचा. हताश वाटण्याच्या काळाला मराठीत याहून नेमकं नाव मला दिसत नाही. पत्रकात मात्र घालू नका, निम्म्यांना कळणार नाही.

उमरेड (नागपूर)
सगळे भाववाचक शब्द शोधताहेत. माळकऱ्याच्या तोंडी रोज असतो तो 'नेम', संस्कृतातल्या नियमाचाच घासून आलेला. बंदुकीचाही नेमच, आणि 'पावसाचा काही नेम नाही' यातलाही तोच.

नेमाची क्रियापदं नीट वापरली तर अर्धं पत्रक तिथेच होतं. नेम चुकतो तो एखाद्या दिवशी: पाहुणे आले, लाईन गेली, हरिपाठ राहिला. नेम मोडतो तो जाणूनबुजून: लग्नात आग्रह झाला आणि मटण खाल्लं. नेम सुटतो तो कळतही नाही. आठ दिवसांनी आठवतं की आपण हरिपाठ म्हणत होतो. नवे लोक चुकलेल्यालाच मोडलेला समजतात आणि 'आता काय राहिलं' म्हणून सोडून देतात.

दुसरी गफलत भरपाईची. काल राहिलेला हरिपाठ आज दोनदा म्हणायचा ठरवलं, तर आजचा राहिल्यावर उद्या तीन होतात. थकबाकी वाढली की नेम सुटलाच. चुकलेला सोडावा आणि आजचा धरावा. पहिल्या दिवसापासून सबंध २७ अभंगांचा नेम धरण्यापेक्षा पाचच धरावे, पण वेळ ठरलेली असावी. वेळ न ठरवलेला नेम आधी सुटतो.

माळेचेही असेच दोन शब्द. माळ तुटली तर नेम मोडत नाही. १०८ मणी वेचून, ओवून, गळ्यात घातल्यावरच जेवायचं. माळ काढली म्हणजे मात्र सोडली.

दर्यापूर
उमरेडच्या भाऊंचं मान्य. 'दम' आणि 'धीर' यांचीही गल्लत होते, तेवढं सांगतो. 'दम धर ना बाप्पा' यातला दम फारसी, म्हणजे श्वास. शमदमातला दम संस्कृत, म्हणजे आवर घालणे. दम थोडा वेळ धरतात, बस येईपर्यंत. धीर लांब पल्ल्याचा, आणि तो दुसऱ्याला देताही येतो.

कुही (नागपूर)
बौद्ध वस्त्यांत १४ ऑक्टोबर १९५६ पासून एक शब्द चालतो: अधिष्ठान, दहा पारमितांपैकी (पूर्णत्वाला न्यायच्या गुणांपैकी) एक. रोजच्या मराठीत अधिष्ठान म्हणजे बैठक, पाया. पालीतलं 'अधिट्ठान' म्हणजे केलेल्या निश्चयावरून न हलणं. मुळात तोच 'स्था', जो निष्ठेत आहे. 'खन्ति' वेगळी, ती सोसण्याची. पंचशील पाळताना घरचे नावं ठेवतात तेव्हा खन्ति लागते, शील टिकवायला अधिष्ठान. ख्रिस्ती मराठीत याच जागी 'विश्वासात टिकून राहणे' असा सरळ प्रयोग आहे, आणि मला तोही आवडतो.

आणखी एक. सगळ्यालाच 'विरोध' म्हणू नका. टोमणा, अबोला, आडकाठी इथवर 'धीर धरा' ठीक. वाळीत टाकणं हा २०१६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांत करता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडेही. तिथे धीराचा सल्ला देऊ नये.

नेर
असं केलं आहे: 'टोमण्यांनी खचू नये. चुकलेला नेम भरून काढू नये, आजचा चालवावा. सुटला तर नव्याने घ्यावा. निष्ठा राखावी.'

उमरेड
'नव्याने घ्यावा' बदला. नेम 'घेतला' म्हटलं की पुन्हा माळ घालावी लागेल असं वाचतील, आणि लाजेनं कोणी येणार नाही. 'सुटला तर पुन्हा धरावा' लिहा.

मोर्शी
आणि 'निष्ठा राखावी' काढा, सगळ्यात वर 'माळ तुटली तर...' घाला. पहिल्या महिन्यात लोक तेच विचारतात.